पाठीवरचे वळ आणि साक्षीचा हक्क

विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहे. गुलामगिरीविरोधी चळवळीवर प्रकल्प करताना तिला जिकडे बघावं तिकडे शरीरच दिसतं: बेड्या, चाबकाचे वळ, जहाजात कोंबलेले देह. चळवळ हक्कांची होती, तर मग माणसाच्या बुद्धीबद्दल, इच्छेबद्दल बोलायचं सोडून ती जखमाच का दाखवत राहिली? आणि आज सादरीकरणात ती चित्रं वापरावीत का?

मी सव्वीस वर्षं वकिली करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं वेठबिगार मजुरांच्या सुटकेच्या कामात गेली. त्यामुळे माझं उत्तर कोर्टाच्या दारातून बघणाऱ्या माणसाचं आहे, आणि सुरुवात मला एका वीटभट्टीपासूनच करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी भट्टीवरून सुटलेली तीन कातकरी कुटुंबं घेऊन आम्ही एका सरकारी कार्यालयात बसलो होतो. जबाब लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्याच बाईला विचारलं, "मारलंय का? वळ दाखव." ती म्हणाली, "मारलं नाय. हिशेब देत नाय आन् घरी जाऊ देत नाय." अधिकाऱ्याचं पेन तिथेच थांबलं. वळ नाहीत म्हणजे लिहायचं काय, असा त्याचा चेहरा. खरं तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला वळ लागतच नाहीत. उचल दिली आणि तिच्यापोटी माणसाची काम सोडून जायची मोकळीक गेली, एवढं पुरेसं आहे. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं ओझंही कलम १५ प्रमाणे मालकावर आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं हीसुद्धा संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितलं आहे. तरी अधिकाऱ्याला पाठ बघायची होती. त्या रात्री घरी येऊन मी मेरी प्रिन्सची कहाणी पुन्हा काढून वाचली.

मेरी प्रिन्सचा जन्म १७८८ च्या सुमाराचा, बर्म्युडा बेटावरचा. तिला अनेकदा विकलं गेलं. टर्क्स बेटावरच्या मिठागरांत ती पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ उपसायची. पायांना फोड येत आणि ते हाडापर्यंत खात जात. पुढे अँटिग्वाच्या मालकांनी तिला १८२८ मध्ये लंडनला आणलं. तिथे तिने त्यांचं घर सोडलं आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचं कार्यालय गाठलं. १८२९ मध्ये तिच्या वतीने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये अर्ज गेला. तिची अडचण मोठी विचित्र होती. इंग्लंडमध्ये तिला कोणी जबरदस्तीने घेऊन जाऊ शकत नव्हतं, पण नवऱ्याकडे अँटिग्वाला परतली की ती पुन्हा गुलाम. मालक तिला पैसे घेऊनही मोकळं करायला तयार नव्हता.

१८३१ मध्ये तिने सांगितलेली कहाणी छापून आली. संस्थेचे सचिव थॉमस प्रिंगल यांनी ती संपादित केली होती. कहाणीत ती म्हणते, मी गुलाम होते. गुलामाला काय वाटतं ते मला वाटलं आहे, गुलामाला जे माहीत असतं ते मला माहीत आहे. यापेक्षा स्वच्छ साक्ष कुठल्या कोर्टाला मिळेल? तरी बर्मिंगहॅमच्या महिला समितीकडून विचारणा आली: तिच्या अंगावर खुणा आहेत का? मग प्रिंगल यांच्या पत्नीने इतर काही स्त्रियांसोबत तिची पाठ उघडी करून पाहिली आणि पत्र लिहिलं की होय, पाठभर फटक्यांच्या खुणा आहेत. ते पत्र पुढच्या आवृत्तीला जोडलं गेलं. विचारणाऱ्या स्त्रिया तिच्याच बाजूच्या होत्या, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देऊन टाकतो. गुलामाच्या तोंडाला साक्षीचा हक्क नव्हता, म्हणून पाठीला साक्ष द्यावी लागली. हे अलंकारिक बोलणं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष कोर्टात चालत नसे, आणि कॅरिबियन वसाहतींतही गुलामांची हीच गत होती. मालकाने भर अंगणात, पन्नास गुलामांच्या देखत एखाद्याला मारून टाकलं तरी कायद्याच्या दृष्टीने साक्षीदार शून्य. माणसाचं बोलणं पुरावा म्हणून बादच असेल, तर उरतो फक्त मुद्देमाल, आणि तो म्हणजे त्याचंच शरीर.

आता कोर्टातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. पहिलं जेम्स सॉमरसेटचं. त्याला अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून गुलाम म्हणून लंडनला आणलेलं होतं. १७७१ मध्ये तो मालकाला सोडून निघाला, पकडला गेला आणि जमैकाला विकण्यासाठी 'ॲन अँड मेरी' नावाच्या जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्म-मायबापांनी न्यायालयात धाव घेतली आणि जहाजाच्या कप्तानाला हेबियस कॉर्पसचा आदेश निघाला. त्या लॅटिन शब्दांचा अर्थच मुळी 'देह हजर कर' असा आहे. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत त्याला 'देहोपस्थिती' म्हटलं आहे, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. कप्तानाला सॉमरसेटचा देह न्यायाधीशांपुढे उभा करावा लागला आणि कुठल्या अधिकाराने कोंडलास, याचं उत्तर द्यावं लागलं. २२ जून १७७२ रोजी लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्याला मोकळं केलं. निकाल चिंचोळा होता; इंग्लंडमधून जबरदस्तीने उचलून नेता येणार नाही, एवढाच त्याचा आवाका. पण न्यायालयात बसलेल्या काळ्या माणसांनी उठून न्यायाधीशांना लवून नमस्कार केला आणि एकमेकांचे हात हातात घेतले, असं त्या वेळच्या वर्तमानपत्रांत नोंदलेलं आहे.

दुसरं प्रकरण 'झाँग' या गुलामवाहू जहाजाचं, आणि न्यायाधीश तेच. १७८१ च्या नोव्हेंबरअखेर त्या जहाजावरून एकशे तीसच्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. पाणी कमी पडत होतं, हे कारण सांगितलं गेलं. मालकांनी विमा कंपनीकडे माणशी ३० पौंडांचा दावा लावला. १७८३ मध्ये लंडनला खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हता, विम्याचा होता, आणि पहिल्या फेरीत ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. घोडे फेकले असते तर जे झालं असतं तेच इथे, असं मॅन्सफिल्ड यांच्या तोंडचं वाक्य नोंदलेलं आहे. मधे पाऊस पडून पाणी मिळाल्यानंतरही माणसं फेकली, हे पुढे आलं तेव्हा फेरसुनावणीचा आदेश झाला, पण खुनासाठी कोणालाही कधी उभं केलं गेलं नाही. ओलाउडा इक्वियानो याने ही बातमी गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्या घरी जाऊन सांगितली होती. तो स्वतः गुलामगिरी भोगून सुटलेला. शार्प यांनी खुनाचा खटला व्हावा म्हणून खूप धडपड केली, ती वाया गेली.

एकाच न्यायाधीशापुढे, अकरा वर्षांच्या अंतराने, एक देह माणूस ठरतो आणि एकशे तीसच्या वर देह माल ठरतात. फरक कशाने पडला? सॉमरसेट उभा होता, त्याच्या बाजूने कोणीतरी बोलत होतं. झाँगवरच्या माणसांची नावंसुद्धा कोर्टापुढे नव्हती.

चळवळीतली प्रसिद्ध चित्रं याच सुमाराची. १७८७ मध्ये वेजवूड यांच्या चिनीमातीच्या कारखान्यातून गुडघे टेकलेल्या, साखळदंडांनी बांधलेल्या काळ्या माणसाचं छोटं पदक बाहेर पडलं: 'मी माणूस नाही का, भाऊ नाही का?' स्त्रियांनी ते बांगड्यांत बसवलं, केसांच्या पिनांवर लावलं. चांगल्या मनाने केलेलं काम होतं आणि त्याने लाखो लोकांपर्यंत विषय नेला, याबद्दल मला आदरच आहे. पण वकील म्हणून मला त्यातली देहाची ठेवण खुपते. तो गुडघ्यांवर आहे, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार बघणाऱ्याकडे ठेवलेला आहे. अर्जदार असा नसतो. हा याचक आहे.

ब्रुक्स या गुलामवाहू जहाजाचा आराखडा १७८८ च्या डिसेंबरात प्लिमथला आणि पुढच्या वर्षी लंडनला छापला गेला. लंडनच्या प्रतीत ४८२ माणसं ओळीने आडवी काढली आहेत. नव्या कायद्याने त्या जहाजाला ४५४ माणसांची परवानगी होती, आणि त्याआधीच्या एका फेरीत त्याने ६०९ नेली होती. पुरुषाला जागा किती? लांबी सहा फूट, रुंदी सोळा इंच. आपला जुना हात अठरा इंचांचा, त्याहून दोन इंच कमी. मी प्रशिक्षण वर्गात खडूने जमिनीवर तेवढा चौकोन आखतो आणि कोणालातरी त्यात झोपायला सांगतो. खांदे मावत नाहीत. कूस बदलायची तर शेजाऱ्यानेही बदलली पाहिजे. त्या आराखड्याची ताकद हीच की त्यात रडणं-भेकणं काही नाही, नुसती मापं आहेत. आणि त्याची उणीवही तीच: सगळी माणसं सारखी, एकाच्या चेहऱ्यावरून दुसरा वेगळा ओळखू येत नाही. व्यापारी त्यांना जसा बघत होता, चित्रही तसंच बघतं.

चळवळीसाठी पुरावे गोळा करणाऱ्या थॉमस क्लार्कसन यांनी जमवलेल्या वस्तूंपैकी एक मात्र तुम्ही जरूर पाहा. लिव्हरपूलच्या एका दुकानाच्या खिडकीत त्यांना हातकड्या, पायबेड्या, अंगठे पिळायचा स्क्रू आणि कंपाससारखं दिसणारं एक हत्यार दिसलं. मिटलेली टोकं दातांमध्ये घुसवायची आणि मागचा स्क्रू फिरवायचा, की टोकं फाकतात आणि जबडा उघडतो. डॉक्टर लोक ते दातखीळ बसलेल्या रोग्यांसाठी वापरत. जहाजावर ते कशाला, असं विचारल्यावर दुकानदाराने सांगितलं की गुलाम बऱ्याचदा तोंड घट्ट मिटून घेतात, उपाशी मरायचा त्यांचा विचार असतो. लोक या हत्याराकडे क्रौर्याचा पुरावा म्हणून बघतात. मला त्यात दुसरंही काही दिसतं. तोंड उघडायला लोखंड लागत होतं, म्हणजे तोंड मिटणारा कोणीतरी होता. ज्याला विकत घेतलं आहे त्याला इच्छाच नाही असं कायदा म्हणत होता, आणि त्याच वेळी जहाजाच्या सामानाच्या यादीत ती इच्छा मोडायचं हत्यार होतं. इक्वियानोही आपल्या आत्मकथेत सांगतो की जेवण नाकारलं म्हणून त्याला जहाजावर बांधून फटके मारले. जहाजांच्या कडांना जाळी लावत, माणसांनी उडी मारू नये म्हणून. तुम्ही विचारता चळवळीने इच्छेबद्दल का सांगितलं नाही. या वस्तू नीट वाचल्या तर त्या इच्छेबद्दलच बोलतात.

मग गुलामगिरीतून आलेली माणसं स्वतः व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा शरीराबद्दल काय म्हणाली? इथे फ्रेडरिक डग्लसकडे वळावंच लागतं. १८३८ मध्ये मेरीलँडमधून पळालेला हा माणूस १८४१ पासून गुलामगिरीविरोधी संस्थेचा वक्ता झाला. भाषणाच्या सुरुवातीला तो म्हणे, आज मी तुमच्यापुढे चोर म्हणून उभा आहे. हे डोकं, हे हातपाय, हे शरीर मी माझ्या मालकाकडून चोरलं आणि घेऊन पळालो. सभेला हसू फुटत असेल आणि पुढच्याच क्षणी गळ्यात अडकत असेल. मालकीच्या कायद्यावर इतका अचूक युक्तिवाद मी तरी दुसरा पाहिलेला नाही. स्वतःचं शरीर स्वतः नेणं ही चोरी ठरत असेल, तर चूक चोराची की कायद्याची, हे श्रोत्यानेच ठरवायचं.

त्याच्या सहकाऱ्यांना मात्र त्याच्याकडून हकीकतच हवी होती. तू घटना सांग, त्यामागचं तत्त्वज्ञान आम्ही बघू, असं त्याला सांगितलं जाई, आणि १८५५ च्या आत्मचरित्रात त्याने हे दुःख मोकळेपणाने मांडलं आहे. मेरी प्रिन्सची पाठ मागणारा आणि डग्लसकडून नुसती हकीकत मागणारा आग्रह एकाच जातीचा. त्याने तो जुमानला नाही. १८४५ च्या पहिल्या आत्मचरित्रात लहानपणीच्या थंडीबद्दल लिहिताना तो म्हणतो, माझ्या पायांना थंडीने अशा भेगा पडल्या आहेत की ज्या लेखणीने मी हे लिहितो आहे ती त्या भेगांत ठेवता येईल. इथे जखमही त्याची आणि लेखणीही त्याचीच. चळवळीच्या इतक्या वर्षांत या दोन गोष्टी अशा एका माणसाच्या हातात एकत्र आलेल्या फार थोड्या वेळा दिसतात. पुढे त्याने जन्मभर मुद्दाम फोटो काढून घेतले, दीडशेच्या वर, एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा जास्त. चांगला कोट, सरळ नजर.

गुलामगिरीतून सुटून वक्ता झालेल्या सोजर्नर ट्रूथला तर १८५८ मध्ये इंडियानातल्या एका सभेत, तू बाईच नाहीस, खात्री पटवून दे, असं सुनावण्यात आलं. तिने भर सभेत छाती उघडी केली आणि म्हणाली की या स्तनांनी कितीतरी गोऱ्या बाळांना दूध पाजलं आहे. लाज मला नाही, तुम्हाला वाटायला हवी. पुढे ती स्वतःचे फोटो विकून पोट आणि प्रचार दोन्ही चालवायची. त्यांत ती विणकामाच्या सुया घेऊन, चष्मा लावून बसलेली दिसते.

स्त्रीच्या शरीराबद्दल एक कायदा तुमच्या प्रकल्पात असायलाच हवा: व्हर्जिनियाचा १६६२ चा. इंग्रजी रिवाजात मूल बापाचा दर्जा घेई. या कायद्याने ते उलटवलं आणि मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र ठरू लागलं. मालकाने गुलाम स्त्रीवर बलात्कार केला तर जन्मणारं मूल त्याचीच मालमत्ता. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तरी १८६० पर्यंत तिथल्या गुलामांची संख्या ४० लाखांच्या आसपास पोचली होती. ती कशी वाढली, याचं मोठं उत्तर या एका ओळीच्या कायद्यात आहे. पाठीच्या वळांची चित्रं घरोघर गेली. गर्भाशयाच्या या लुटीचं चित्र काढता येत नव्हतं, आणि चळवळही त्याबद्दल दबक्या आवाजातच बोलली.

ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला तेव्हा नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले, सगळे मालकांना. सुटलेल्या सुमारे ८ लाख माणसांना काहीच नाही, उलट १८३८ पर्यंत शिकाऊ म्हणून सक्तीने राबणं. भरपाईच्या तक्त्यांत माणसं वर्गवार लावली होती: मुकादम, कारागीर, शेतमजूर, सहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी. मुक्तीच्या कागदावरही शरीराची किंमत लिहिली गेली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला.

या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला, आणि त्यानेही गुलामावरचा मालकी हक्क कोर्टातून वसूल होणार नाही, एवढंच मुख्यतः साधलं. तरी महाराष्ट्राचा या इतिहासाशी धागा आहे. अरबी समुद्रातल्या गुलामवाहू जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या मृतदेहाजवळ प्रार्थना वाचणारा, झाडावर त्यांचं नाव कोरणारा आणि त्या प्रवासाची रोजनिशी लिहिणारा हा नाशिकला शिकलेला तरुण होता. त्याच्या साथीदारांनी तो देह महिनोन्महिने खांद्यावर वाहून समुद्रकाठी आणला. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची अपेक्षा होती.

आता चित्रं वापरायची का? वापरा, पण उघड्या पाठीला एकटं सोडू नका. १८६३ मधला पाठभर वळांचा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही घेणारच असाल. लुइझियानातून पळून युनियनच्या, म्हणजे अमेरिकेच्या यादवीतल्या उत्तरेकडच्या, सैन्याच्या छावणीत पोचलेल्या माणसाचा तो आहे. 'हार्पर्स वीकली'ने ४ जुलैच्या अंकात त्यावरून चित्र छापलं तेव्हा नाव गॉर्डन दिलं. फोटोसोबतच्या जबाबात नाव पीटर येतं. त्या जबाबात तो सांगतो की फटक्यांनंतर दोन महिने मी अंथरुणात होतो. नावाचा हा घोळ आणि त्याचा जबाब फोटोशेजारीच लिहा. मेरी प्रिन्सच्या पाठीबद्दलचं पत्र दाखवाल तेव्हा हेही सांगा की १८३३ मध्ये तिच्या कहाणीवरून बदनामीचे दावे उभे राहिले आणि ती लंडनच्या कोर्टात साक्षीदार म्हणून उभी राहून बोलली. प्रकल्पात हा प्रसंग मला त्या पत्रापेक्षा मोठ्या अक्षरांत बघायला आवडेल.

आणि त्या कातकरी बाईचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही अधिकाऱ्याला कलम दाखवलं, पुन्हा पहिल्यापासून लिहायची विनंती केली. ती बोलत गेली: पावसाळ्यात किती उचल घेतली, जोडीने दिवसाला किती विटा पाडल्या, आठवड्याची खर्ची किती मिळे, पोर तापाने फणफणलं तेव्हा गावी निघालेल्या नवऱ्याला फाट्यावरून कोणी परत आणलं. जबाब दोन पानं भरला. वळांचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. मुक्तीचा दाखला त्याच जबाबावर मिळाला.